झाकणावरचा डाग

पंचवीस नोव्हेंबर. बाजरीचं पीठ संपलं म्हणून डबा घासायला काढला. झाकणावर तेलाचा लांबट डाग आहे. राखेनं निघाला नाही, लिंबानं निघाला नाही. माझे पती अंकुशराव जेवायला बसण्याआधी पिस्तुलातलं गोळ्यांचं मॅगझिन काढून तिथं ठेवत. नियम माझाच होता. भरलेलं हत्यार स्वयंपाकघरात यायचं नाही. नऊ वर्षं त्यांनी तो पाळला... आणि मी त्यावर विसंबले.

नेकनूरला आमचं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान. कुणी जिवावर उठावं एवढं त्यांनी कुणाचं बिघडवलं नव्हतं. पण पुढाऱ्यांत उठबस वाढली, आणि आमच्याकडे कमर रिकामी असली की सभेत मागची खुर्ची मिळते. परवाना आला तेव्हा त्यांनी गावभर पेढे वाटले. मुलगी झाली तेव्हा वाटले नव्हते. माझे थोरले भाऊ आबा लष्करातून निवृत्त झालेले. त्यांनी बजावलं होतं, "पाव्हणं, आधी मॅगझिन काढायचं. मग वरचा भाग मागं ओढून आत डोळ्यानं बघायचं. नळीत बसलेली गोळी मॅगझिनसंगं येत न्हाई." मी तेव्हा आत चहा टाकत होते. हे मला नंतर कळलं.

यंदाच्या उन्हाळ्यात बाजार समितीच्या वादात मांजरसुंब्याच्या ढाब्यावर कुणीतरी "बघून घेतो" म्हणालं. त्या दिवसापासून ते गोळी चढवूनच फिरायला लागले.

"कुनासाठी चढवून ठेवलीय?" मी विचारलं.

"मी चढवस्तोवर समोरचा थांबनार हाय का?"

"तुमी शर्ट वर करून पिस्तुलाच्या पाकिटाचं बटन काढस्तोवर तो च्या पिऊन जाईल."

लई हसले. "तुला न्हाई कळायचं त्यातलं."

खरंच कळत नव्हतं. मॅगझिन निघालं की सगळं निघालं, असं मी धरून चालले. त्यांना कळत होतं. पण रोज जेवणाआधी ती एक गोळी काढायची आणि हात धुतल्यावर परत चढवायची, याचा कंटाळा. दुकानात हाच माणूस ट्रॅक्टरखाली शिरण्याआधी चाकांना दगड लावलेत का, हे दोनदा बघायचा.

खंडेनवमीला पाटावर विळे, कुऱ्हाड, दुकानातले पाने आणि मधे पिस्तूल. मॅगझिन डब्यावर. हळदकुंकू मीच लावलं. पूजा झाली की कुंकू पुसायचं आणि चाप ओढून एकदा 'टिक' वाजवायचं, ही त्यांची दरवर्षीची रीत. रिकामं असल्याची खूण म्हणे. मांडीवर घेऊन पुसत होते... यंदा टिक वाजलं नाही. मांडीतली मोठी रक्तवाहिनी फुटली. बीडच्या वाटेवर गाडीतच गेले. "मॅगझिन तर काढलं होतं ना गं?" एवढंच विचारत होते. मी हो, हो म्हणत होते. दुसरं काय म्हणणार?

सांत्वनाला आलेले एक पुढारी म्हणाले, "वहिनी, शस्त्रपूजेला गेले. वाघासारखे गेले." मी म्हणाले, वाघ स्वतःच्या मांडीत गोळी मारून घेत नाही. ते चहा न घेताच उठले.

मी डबा घासत असताना मुलगा महेश कागद घेऊन आला. सव्वीस वर्षांचा आहे. पिस्तूल पोलिसांकडे आहे, ते सुटलं की परवाना त्याच्या नावावर करायला माझी हरकत नाही, असं टाइप करून आणलेलं.

"आई, सही कर. बापूंची निशाणी हाय."

"निशाणी ही हाय," मी झाकण दाखवलं.

त्यानं डागाकडे पाहिलं आणि समजुतीच्या सुरात म्हणाला, "मी पन घरात मॅगझिन काढूनच ठेवीन की."

मी हात पाण्यातून बाहेर काढला नाही.

सव्वीस नोव्हेंबर. सकाळी पहिल्या एसटीनं बीडला गेले. कलेक्टर कचेरीत माझा कागद दिला. त्यावर माझी हरकत आहे, असं हातानं लिहिलं होतं. शिक्का मारलेली प्रत घेतली. परत येताना बाजरी दळून आणली, डबा भरला, झाकण लावलं आणि प्रत त्या डागावर ठेवली. महेश जेवायला बसतो तिथून ती दिसते.