विलापाच्या चार रेषा

रेजिना तुस्कानो हमरिया फ्री झोनमधल्या आमच्या पॅकेजिंग कंपनीत डिस्पॅच सांभाळतात. मी अकाउंट्समध्ये आहे. शारजात आम्ही एकाच इमारतीत राहतो, त्यामुळे त्या माझ्याच गाडीतून येतात-जातात. मूळच्या वसईच्या, बोलणं खणखणीत. फोनवरचा त्यांचा "यल्ला!" ऐकला की ड्रायव्हर जेवण अर्धं टाकून कंटेनर हलवतो.

त्यांचं दुसरं काम चर्चमधलं. दर गुड फ्रायडेला तिथे मराठी प्रार्थना होते आणि शेवटी रेजिनाताई मरियेचा, म्हणजे येशूच्या आईचा, विलाप एकट्याने गातात. वाद्य नसतं, दिवे मंद केलेले असतात, फोन बंद. हा विलाप त्यांनी वडिलांकडून ऐकून ऐकून घेतला. वडिलांचा दंडक होता की तो वर्षातून एकदाच गायचा, सरावासाठीसुद्धा तोंडातून काढायचा नाही. आता वडील नाहीत आणि गावच्या चर्चमध्ये कीबोर्डवरची नवी गाणी आली आहेत. पूर्ण विलाप येणाऱ्या त्या एकट्याच उरल्या.

यंदा गुड फ्रायडे जवळ आलेला असताना, फोनवर ओरडता ओरडता त्यांचा आवाज अचानक गेला. स्वरयंत्रावर गाठ होती आणि तिच्यातून रक्त आलं होतं. डॉक्टरांनी लगेच शस्त्रक्रिया केली आणि बजावलं, "दोन आठवडे एक शब्द नाही. कुजबुजणं नाही, गुणगुणणंही नाही. नाहीतर गाणं विसरा."

गाडीत त्यांनी मोबाइलवर टाइप करून मला दाखवलं, "विलाप कोण गाणार?"

"रेकॉर्डिंग असेल की कुणाकडे."

त्यांनी मान हलवली. कुणाकडेच नव्हतं.

बुधवारी संध्याकाळी त्यांच्या हॉलमध्ये गायकमंडळी जमली, मीही होतो. विलापासाठी शुभ्रा साळवेला बोलावलं होतं. ती नगरची, दीड तासावरच्या अल ऐनला नर्स आहे. मंडळात सगळ्यांत चांगला आवाज तिचा. पण ती यंदाच आलेली, विलाप तिने एकदाही ऐकला नव्हता.

"ड्युटी करून आलीस ना?" मंडळातले सगळ्यांत ज्येष्ठ जोकिमकाका म्हणाले. "आम्हाला झोपवू नकोस म्हणजे झालं."

"काका, तुम्हाला इंजेक्शनशिवाय झोप लागते होय?"

रेजिनाताईंनी विलापाचे शब्द कागदावर लिहून आणले होते. शब्दांच्या डोक्यावर पेन्सिलने खुणा केल्या होत्या. आवाज चढतो तिथे वर जाणारी रेघ, उतरतो तिथे खाली येणारी, वळतो तिथे हुकासारखी खूण. शुभ्राने खुणा पाहून पहिली ओळ म्हटली.

"हे नाही," जोकिमकाका म्हणाले.

"मग कसं?"

"ते मला आलं असतं तर तुला कशाला बोलावलं असतं? पण हे नाही."

रेजिनाताई हात वर-खाली करून दाखवत होत्या. शुभ्रा पुन्हा म्हणत होती. प्रत्येक वेळी वेगळंच काहीतरी निघत होतं. ताईंच्या कपाळावर घाम आला.

कीबोर्ड वाजवणारा नीरव लोपीस शाळेत संगीत शिकवतो. तो कागद उलटसुलट करून पाहत होता. "हजार वर्षांपूर्वी युरोपातल्या मठांत हेच व्हायचं," तो म्हणाला. "साधू प्रार्थनेच्या शब्दांवर अशाच खुणा करायचे. चाल पाठ असेल त्याला त्या पुरायच्या. नव्या माणसाला आवाज वर न्यायचा एवढं कळायचं, किती वर ते कळायचं नाही. मग त्यांनी रेषा ओढली. पुढे ग्विदो नावाच्या साधूने एकावर एक रेषा घेऊन पद्धतच बसवली. कुठल्या रेषेवर खूण आहे त्यावरून स्वर ठरला. मग न ऐकलेलं गाणंही म्हणता यायला लागलं."

"लेक्चर खलास?" जोकिमकाका म्हणाले. "आता ओढ रेषा."

नीरवने चार रेषा ओढल्या. तो कीबोर्डची एकेक पट्टी दाबायचा, रेजिनाताई मान हलवून हो-नाही सांगायच्या, हो आलं की तो त्या जागी खूण करायचा. काम अक्षराअक्षराने पुढे सरकत होतं. शुभ्रा पाठोपाठ म्हणू लागली आणि जोकिमकाका गप्प झाले, म्हणजे बरोबर येत होतं.

मग "माझ्या लेकरा" आलं. नीरवने पट्टी दाबली. नाही. शेजारची दाबली. नाही. पुन्हा पहिली. ताईंनी टेबलावर मूठ आपटली आणि त्यांचं तोंड उघडलं.

"ताई, नाही!" शुभ्राने त्यांचं मनगट धरलं. "एक स्वरही नाही. मी तुमच्या पाया पडते."

ताईंनी हळूहळू तोंड मिटलं.

"ते दोन पट्ट्यांच्या मधलं आहे," नीरव खालच्या आवाजात म्हणाला. "घसरत येणारं. ते रेषेवर बसणार नाही, ताई. सोडून देऊ."

त्यांनी टाइप केलं, "तिथेच तर आई रडते."

"कळतंय मला. पण परवा शुक्रवार आहे."

त्यांनी नीरवकडून पेन्सिल घेतली. स्वतः रेषेवर सरळ खूण केली आणि तिला एक वाकडं शेपूट काढलं. शुभ्राने तसं म्हणून पाहिलं.

"उचकी लागली का?" जोकिमकाका म्हणाले. कुणी हसलं नाही.

शुक्रवारी मी चर्चमध्ये रेजिनाताईंच्या मागच्या बाकावर बसलो होतो. शुभ्राने विलाप सुरू केला. "माझ्या लेकरा" जवळ आलं तसा ताईंनी रुमाल तोंडावर दाबून धरला. शुभ्रा तिथून न घसरता सरळ गेली. दुसऱ्या कडव्यात सरळ, तिसऱ्यातही सरळ. दर वेळी ताईंचे खांदे वर यायचे आणि मला धडकी भरायची, आता या गाणार. त्या गायल्या नाहीत. विलाप कुठेही न अडखळता संपला. लोक डोळे पुसत बाहेर पडले.

पुढे डॉक्टरांनी बोलायची परवानगी दिली. आवाज जरा घोगरा झाला होता. त्यानंतरच्या पहिल्या सरावाला मी त्यांना सोडायला गेलो आणि थांबलो. नीरवने विलाप कॉम्प्युटरवर नीट उतरवून सगळ्यांना प्रिंट वाटले होते. प्रिंटमध्ये ते वाकडं शेपूट नव्हतं. रेजिनाताईंच्या ते लक्षात आलं. वडिलांचा दंडक मोडून त्यांनी फक्त दोन शब्द म्हटले, "माझ्या लेकरा." आवाज वरून घसरत खाली आला.

"ताई, तिथे सरळ आहे," मंडळातली वैभवी म्हणाली. "तुमचं चुकलं."

रेजिनाताईंनी जोकिमकाकांकडे पाहिलं. इतकी वर्षं काकांनी हा विलाप ऐकलेला. काका प्रिंटकडे बघत होते. "मलाही सरळच वाटतंय," ते चाचरत म्हणाले. "कागदावर तसंच आहे ना?"

ताईंचा चेहरा उतरला. त्यांनी समोरचा प्रिंट पालथा घातला, शुभ्राचाही पालथा घातला.

नीरवने मोबाइल काढला. "रेकॉर्ड करू?"

"कर. पण शिकायचं माझ्याकडून." त्या शुभ्राकडे वळल्या. "मी म्हणते, तू मागून म्हण."

त्यांनी ते दोन शब्द म्हटले. शुभ्राने म्हटले.

"नाही. परत."

शुभ्राने डोळे मिटले आणि परत म्हटले.

"अजून सरळ जातेस. परत."