स्वेच्छेने

“सातचा पाढा म्हणा, मॅडम.”

स्टाफरूममध्ये सगळे शिक्षक बसलेले. मी एकटी उभी. समोर संस्थेचे अध्यक्ष. लोह्याजवळची आमची अनुदानित शाळा त्यांच्या वडिलांनी काढलेली, म्हणून गावात सगळे त्यांना मालकच म्हणतात. त्या शाळेत मी नऊ वर्षं गणित शिकवत होते.

सात एके सात. सात दुणे चौदा. सात त्रिक एकवीस.

पुढचं येईना. आकडा आत होता. आहे, हे कळत होतं, पण तोंडापर्यंत येत नव्हता. वर पंखा घरघरत होता आणि तो सगळा आवाज माझ्या डोक्यात भरत होता.

मालक हसले. “एक तर राखीव जागेवर आलात. आता डोकंबी राखीव ठेवलं का?”

मुख्याध्यापक सगळ्यात आधी हसले. मग बाकीचे. दोघी-तिघी खाली बघत राहिल्या.

त्याच्या पाच महिने आधी दादाच्या गाडीवर मागं बसून मी घरी येत होते. हेल्मेट एकच, तेही त्यानं आरशाला लटकावलेलं. जवळच तर जायचं होतं. पुढच्या उसाच्या ट्रॉलीला मागं दिवा नव्हता. दादाचा हात मोडला. माझं डोकं रस्त्यावर आपटलं. नांदेडच्या दवाखान्यात नऊ दिवस मला शुद्ध नव्हती.

दादाचं प्लॅस्टर सगळ्यांना दिसायचं. माझ्या टाक्यांवर केस उगवले, आणि मग मला काही झालंच नव्हतं. डॉक्टरांनी लिहून दिलं होतं: मेंदूला मार बसलाय, लवकर थकवा येईल, शब्द उशिरा येतील, गोंगाट सोसणार नाही, काम हळूहळू वाढवा. तो कागद मुख्याध्यापकांनी टेबलाच्या खणात टाकला.

त्या पाढ्यानंतर माझे वर्ग काढून घेतले. मला सामानाच्या खोलीत बसवलं. खिचडीच्या तांदळाची पोती, मोडके बाक, खिडकी नाही. मधल्या सुट्टीत पोरं बाहेरून कडी लावायची, खेळ म्हणून. मी हाका मारायची. माझ्याच विद्यार्थ्यांची नावं आठवायची नाहीत, म्हणून नुसतं “ए, ए” करत दार वाजवायची. शिपाई मावशींचं लक्ष गेलं की त्या कडी काढायच्या.

घरी माय म्हणायची, “बरी तर दिसून राहिलीस. मग रडतीस कशाला?”

मला सांगता यायचं नाही. शाळेत त्या खोलीत, घरी ह्या डोक्यात. बाहेर पडायला जागाच नव्हती.

एक दिवस सकाळी मुख्याध्यापक टाइप केलेला कागद घेऊन आले. “मालकांनी पाठवलाय. सही करा, सुटून जाल.”

मी ओळीखाली बोट ठेवून वाचत गेले. वेळ लागला. ‘प्रकृतीच्या कारणास्तव मी स्वेच्छेने राजीनामा देत आहे.’ बोट त्या एका शब्दावर थांबलं. स्वेच्छेने. मला कुणी विचारलं होतं? मायनं दुसऱ्याच्या रानात निंदण-खुरपण करून मला बी.एड. केलं. त्या नोकरीवर हे माझ्याच नावानं पाणी सोडून राहिले होते.

मी पेन घेतलं. तो शब्द खोडला.

“सर, ही... माझी...”

ते घड्याळाकडे बघू लागले. एरवी मी घाबरून गप्प बसले असते. त्या दिवशी नाही बसले. शब्द येईपर्यंत त्यांना उभं ठेवलं.

“माझी इच्छा न्हाई.”

नोकरीत असताना अपंगत्व आलं तर त्या कारणानं काढता येत नाही, असा कायदा आहे, हे मला दवाखान्यात भेटलेल्या एका बाईनं सांगितलं होतं. शिक्षणाधिकाऱ्यांना अर्ज लिहिला. आठ ओळींना दोन दिवस लागले. डॉक्टरांच्या कागदाची प्रत जोडली. एक वर्ग द्या, सकाळचा तास द्या, शांत खोली द्या, एवढंच मागितलं. आधी शाळेमार्फत पाठवायला दिला, तर शाळेनं पोच दिली नाही. मग नांदेडला त्यांच्या कार्यालयात जाऊन स्वतः अर्ज दिला, शिक्का घेतला.

उत्तर अजून आलेलं नाही. मी अजून त्याच खोलीत बसते. पहिल्यासारखी होईन, असं डॉक्टरही म्हणत नाहीत. मी अडखळेन, विसरेन, भर वर्गात थांबेन. पण सही करणार नाही. मला काढायचंच असेल, तर त्यांनी स्वतःच्या हातानं लिहावं, कारणासकट, आणि खाली स्वतःचं नाव घालावं.