एकतीस तारीख

दानियलतात्या कुणाच्याही घरी गेले की आधी भिंतीवरचं कॅलेंडर बघायचे, मग माणसांकडे. बारामतीच्या एसटी डेपोत कंट्रोलर म्हणून त्यांची उभी हयात गेलेली. माझ्याकडे पहिल्यांदा आले तेही तसंच. "पोरी, आज तारीख सम हाय. आज घरात हिचं राज्य," म्हणाले आणि खुर्चीत बसले.

'हिचं' म्हणजे मार्थाकाकूंचं. तात्या प्रॉटेस्टंट, काकू कॅथलिक. कुठल्या दिवशी बायबलातले कुठले उतारे वाचायचे, याची दोन्ही चर्चची यादी वेगळी. शिवाय काकूंच्या बायबलात तात्यांच्या बायबलात नसलेली काही पुस्तकं. लग्नातच तात्यांनी तोडगा काढला: संध्याकाळच्या प्रार्थनेला विषम तारखेला त्यांच्या यादीतलं वाचायचं, सम तारखेला काकूंच्या. काकू भोळेपणानं हो म्हणाल्या. मग एकतीस तारीख आली आणि तिच्यामागून एक! सलग दोन दिवस तात्यांचे. लीप वर्षाचा फेब्रुवारी तर विचारूच नका. "सोयरिकीत समदं बघितलं, कॅलेंडर तेवढं बघायचं ऱ्हायलं," असं काकू चाळीस वर्षं ऐकवत होत्या. तात्या म्हणत, "टाइमटेबल एकदा लागलं की बदलत न्हाय."

या दोन्ही याद्या मोबाइलवर आणायचं काम तात्यांनी माझ्यावर सोपवलं. मी पोटासाठी अ‍ॅप बनवते, पण आमच्या घरी बुद्धवंदना. मला यातलं ओ की ठो कळत नव्हतं. "म्हणूनच आलो. तू कुणाच्याच बाजूची न्हाईस," तात्या म्हणाले.

पीक घरात आल्यावर चर्चमध्ये होणाऱ्या हंगामाच्या सणाची तारीख मी इंटरनेटवरून उचलून टाकली होती. ती बघून तात्या गरजले, "ही कुठल्या देशातली? आमच्यात चर्चचे पंच ठरवत्यात. हितं बारामतीत आधी, आन् तिकडं वरकुटे गावात बाजरी घरात आल्याबिगर न्हाय. टाइमटेबल मुंबईत छापू द्या, गाडी कुठं थांबती ते वरकुट्याच्या माणसाला इचारावं." मी ती जागा रिकामी सोडली, ज्या त्या गावच्या चर्चच्या मंडळीनं भरायला.

मग मी जास्तीची हुशारी केली. स्क्रीनवर गर्दी नको म्हणून तात्यांची वाचनं वर ठेवली आणि काकूंची 'आणखी पाहा' या बटणामागे. तात्यांनी ऐटीत फोन काकूंपुढे धरला. तारीख होती बावीस.

दुसऱ्या दिवशी सकाळीच काकू माझ्या दारात. "चाळीस वर्षं संसार केला, आन् मी 'आणखी पाहा' व्हय गं?"

"काकू, जागा कमी होती."

"मग त्यांचं आत घालायचं!"

त्या संध्याकाळपासून त्या घरात दोन प्रार्थना सुरू झाल्या. तात्या बाहेरच्या खोलीत, काकू स्वयंपाकघरात.

चार दिवसांनी तात्या आले ते कॅलेंडरकडे न बघताच बसले. "एकट्यानं वाचवंना गं. आमेन म्हणाया कुणी न्हाय." मला फार वाईट वाटलं, चूक माझीच होती. म्हटलं, तारखेप्रमाणे ज्याची त्याची यादी वर येईल असं करते. "त्येवढ्यानं भागायचं न्हाय," म्हणत त्यांनी आता कुठे भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. मग म्हणाले, "एकतीस तारीख हिला देऊन टाक."

"आणि टाइमटेबल?"

"कंट्रोलर मीच हाय न्हवं?"

तिकडे प्रार्थना पुन्हा एक झाली. काकूंनी मला डबाभर करंज्या पाठवल्या. आता तीस आणि एकतीस असे सलग दोन दिवस काकूंचे झाले होते. ते सांगायला मी तोंड उघडलं, तोच तात्या म्हणाले, "कळलंय मला. तिच्यापुढं बोलू नगंस."

गेल्या वर्षी तात्या गेले. दफनाला दोन आठवडे झाल्यावर काकूंनी मला बोलावून घेतलं आणि तात्यांचा फोन हातात दिला. "एकतीस तारीख परत त्यांची कर."

"काकू, आता रोज तुमचंच वाचलं तरी कोण अडवणार आहे?"

"त्येच तर," काकू म्हणाल्या आणि पदरानं चष्मा पुसत राहिल्या.

मी बदल करून फोन परत दिला. योगायोगानं त्या दिवशी एकतीसच होती. काकूंनी तात्यांचं वाचन उघडलं. "आन् उद्याबी त्यांचंच. सलग दोन दिवस!" त्या कुरकुरल्या, आणि वाचू लागल्या. आमेन म्हणायला मी थांबले.