गार्डाचं गाणं धुळ्यात कोणी वाजवलं?

मी आणि माझ्या बायकोने मिळून शेवटचं काय केलं, तर माझ्या बँडच्या लाल कोटाचं बटण लावलं. कोट माझ्या अंगातच होता. टेम्पो गल्लीच्या तोंडाशी हॉर्न देत होता, काढायला वेळ नव्हता. ती खाटेवर बसलेली, मी तिच्यापुढे वाकून उभा. अंगावरचं कापड शिवताना तोंडात दोरा धरायचा असतो, म्हणून तिने माझ्या दातात दोरा दिला.

"बरं झालं," ती म्हणाली, "तेवढा वेळ गप्प तरी राहाल."

चार दिवस तिला ताप होता, छातीत भरून यायचं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या. बटण लावून झालं, तिने दोरा दातांनी तोडला आणि म्हणाली, "गोळ्या संपत आल्यात. येताना आणा." मी मान हलवली. दोरा माझ्या तोंडातच राहिला होता... शिरपूरच्या अर्ध्या रस्त्यात थुंकला.

ही गोष्ट एक्क्याण्णव-ब्याण्णवची. दवाखान्यात तुमचा अंक पडलेला असतो, त्यात लोकांचे अनुभव वाचतो. निम्मे खोटे वाटतात. मी सातवी शिकलेला माणूस, पण भूतखेत मी कधी मानलं नाही. बँडवाल्याला मानून चालत नाही. मसणवटीच्या कट्ट्यावर बसून आम्ही भाकरी खाल्ल्यात, मिळेल त्या झाडाखाली झोपलोय. कधी काही दिसलं नाही. आताही मी कोणाला काही दिसलं असं म्हणत नाही. ऐकू आलं, आणि तेसुद्धा मला नाही.

आधी त्या गाण्याचं सांगतो.

तरुणपणी मी भुसावळला लोको शेडमध्ये कोळसा उचलायचो. तिथे गोव्याकडचे एक म्हातारे गार्डसाहेब होते. त्यांच्याकडे ग्रामोफोन होता आणि अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या सॅक्सोफोनच्या तबकड्या. याला जॅझ म्हणतात, हे मला त्यांनीच सांगितलं. मी त्यांच्या ओट्याखाली उभा राहून ऐकायचो. एक दिवस आत बोलावलं. पुढे शिकवलं, आणि गोव्याला निघाले तेव्हा आपला सॅक्सोफोनचा बाजाच मला देऊन गेले.

एक फार संथ चाल होती. तिचं नाव मला माहीत नाही. साहेब सांगायचे, "जोर मत लगाव. आखिर में सूर खतम होता है, फिर भी हवा निकलती है ना? वो हवा भी बजाने का." म्हणजे सूर विझला तरी नुसता श्वास जातो नळीतून, तोसुद्धा ऐकणाऱ्यापर्यंत पोचला पाहिजे. सहा महिने गेले मला तेवढं जमायला. लग्नाच्या बँडमध्ये त्याचा उपयोग शून्य. तिथे जो जास्त बोंबलेल तो चांगला.

घरी पहिल्यांदा वाजवलं तेव्हा ही भाकरी थापत होती. हात थांबला. म्हणाली, "हे काय लावलं? आई आठवली माझी." मी म्हटलं, बंद करू? तर म्हणाली, "नको." तव्यावरची भाकरी जळून गेली.

आमचा मुलगा चार वर्षांचा असताना गेला. लोक दारावर येऊन बसायचे, बायका गळ्यात पडायच्या, हिच्या डोळ्याला पाणी नाही. सगळं आटोपल्यावर एक दिवस म्हणाली, "ते गार्डाचं वाजवा." घरामागे कपडे धुवायचा दगड होता, त्यावर बसून वाजवलं. ती आत खाटेवर पडून ऐकत होती. तेव्हा रडली. मग जेव्हा जेव्हा तिला जड व्हायचं, ती म्हणायची, मी मागे दगडावर जाऊन बसायचो. झालं की आत यायचो, ती चहा ठेवायची. यापलीकडे आम्ही मुलावर कधी बोललो नाही.

आता शिरपूर. गोरज मुहूर्ताचं लग्न, पाच वाजता वरात निघाली. पोरं नाचत होती, मी त्यांच्याच फर्माइशीचं वाजवत होतो. आणि चालता चालता माझी बोटं त्या गाण्यातून निघून गार्डाच्या गाण्यात गेली. मी नेली नाहीत. तोंड काढायला गेलो तर निघेना. ढोल थोडा वेळ चालला, मग तोही थांबला. आमचे मास्तर क्लॅरिनेटने माझ्या बरगडीत टोचत होते, तरी मी वाजवतोय. घोड्यामागे नवरदेवाची आजी होती, ती पदर तोंडाला लावून रडायला लागली. नवरदेवाचा काका अंगावर आला, "आरे, लगीन शे का मयत?"

शेवटच्या हवेपर्यंत वाजवून मी थांबलो आणि रस्त्याच्या कडेला खाली बसलो. मास्तर म्हणाले, "नामदेव, प्यायलास का रे?" मी आयुष्यात प्यायलो नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

रात्रीच्या जेवणाच्या वेळेला धुळ्यात पोचलो. देवपुरात आमच्या गल्लीत शिरलो तर दारासमोर माणसं. तिला खाली घेतलेलं होतं. गोळ्यांची पुडी माझ्या हातात.

शेजारची शेवंताबाई उठून माझ्यापुढे आली. या बाईने तीस वर्षांत माझ्याबद्दल एक चांगला शब्द काढलेला नाही, बाजाच्या आवाजावरून रोज शिव्या. ती सगळ्यांसमोर म्हणाली, "मांगे बसीसन वाजाडी राह्यंता ना तू? मग घरमा काबर नही उना? तिना तोंडमा पानी मी टाकं!"

मी मागे बसून वाजवत होतो तर घरात का आलो नाही म्हणे, मला कळेचना. मी म्हटलं, मी शिरपूरला होतो. तर म्हणे, खोटं बोलू नको. तुझं ते रडकं गाणं मी तीस वर्षं ऐकतेय, मला नाही कळणार? समोरचा पिठाच्या गिरणीवाला खाली मान घालून म्हणाला, "आवाज मीही ऐकला, नामदेवभाऊ. मला वाटलं, तुम्ही लवकर परतले."

धुळ्यात तो बाजा दुसरा असेलही कोणाकडे. पण ती चाल नव्हती. गार्डसाहेब कधीच वारले होते.

सकाळी जळगावहून माझी मुलगी लता आली. शेवंताबाईने तिलाही तेच सांगितलं. लताने मला एवढंच विचारलं, "आबा, आई जात होती आणि तुम्ही मागे बसून बाजा वाजवत होते? चार पावलं आत येता आलं नाही?" मास्तर आणि बँडची माणसं स्मशानातून परत आल्यावर तिला समजावायला बसली. ती म्हणाली, "तुमचा माणूस आहे, तुम्ही त्याच्या बाजूनेच बोलणार." दिवस संपून गंधमुक्ती होईपर्यंत राहिली. ताट वाढायची, तोंडाकडे बघायची नाही. मग गेली, आणि तिने जावयाकडून निरोप पाठवला की तूर्त येऊ नका.

बायको गेली, ते माझ्या हातात नव्हतं. पण मुलगी असं समजून जाते, हे मला गिळवेना. आजारी बायकोला सोडून मी गेलोच कसा, असं तिने म्हटलं असतं तर ऐकून घेतलं असतं. तो दोष माझाच.

दोन महिन्यांनी मास्तर शिरपूरहून त्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट मागून घेऊन आले. त्या घरच्यांना ते काय बोलले, मी विचारलं नाही. कॅसेट घेऊन मी जळगावला गेलो. जावयाने भाड्याने व्हीसीआर आणला. लता दाराशीच उभी राहिली, बसली नाही.

शूटिंगवाल्याने मूळ आवाज काढून सगळीकडे सिनेमाची गाणी भरलेली. म्हणजे माझं वाजवणं त्यात नाहीच. पण चित्र होतं. पोरं नाचतायत... मग एकेक करून थांबतायत. आजी पदर लावते. कॅमेरा माझ्याकडे वळतो, डोळे मिटलेले, गाल अजिबात फुगलेले नाहीत, आणि बोटं अशी सावकाश चाललीत की वर भरलेल्या त्या उडत्या गाण्याशी काही मेळच नाही. खाली कोपऱ्यात कॅमेऱ्याची वेळ उमटलेली. पाच वाजून दहा, अकरा, बारा. डॉक्टरांनी कागदावर सव्वापाच लिहिलं होतं.

"बंद करा," लता म्हणाली. मग म्हणाली, "म्हणजे तुम्ही तिथेच होते."

"हो."

"मग मागे कोण होतं?"



ती माझ्याजवळ येऊन खाली बसली. म्हणाली, "शेवंतामावशीने मला एक सांगितलं होतं. तुम्हाला सांगू नको म्हणाली होती. आवाज आल्यावर आईने डोळे उघडले. म्हणाली, 'आले हे. झालं की येतील आत.' मग दाराकडेच बघत राहिली."

लताने माझा हात धरला होता. तिला वाटलं, हे ऐकून मला बरं वाटेल. तिचं माझ्याशी बोलणं सुरू झालं, तेवढं बरं झालंही. पण मी त्या दिवसापासून हाच विचार करतोय. मी शिरपूरला आहे हे तिला ठाऊक होतं. काहीच ऐकू आलं नसतं तर माझी वाट न बघता गेली असती. ज्याने कोणी तिथे वाजवलं, त्याने तिला वाट बघायला लावली. गाणं संपलं, हवा संपली, आणि आत कोणी आलं नाही. हे चांगलं झालं की वाईट, मला आजही ठरवता येत नाही. कोणी केलं, कसं झालं, त्याचा तर पत्ताच नाही. ज्यांना समजतं म्हणतात त्यांना विचारलं, कोणी लिंबू दिलं, कोणी अंगारा. दोन्ही फेकून दिलं.

त्या रात्री लताकडेच राहिलो. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एसटीने धुळ्याला आलो. गल्लीतून सरळ घरी न जाता मागे गेलो, दगडाजवळ थोडा उभा राहिलो. मग भिंतीला वळसा घालून पुढे आलो, कुलूप काढलं, चपला बाहेर सोडल्या आणि खाटेपर्यंत गेलो. खाटेवर कोणी नव्हतं. तरी मोठ्याने म्हटलं, "आलो गं."

मग चूल पेटवून चहा ठेवला.