अर्धं सूत

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. मंगललासुद्धा नाही — मंगल माझी बायको. तिला सांगायचं तर तिच्या सख्ख्या बहिणीपासून सुरुवात करावी लागते, आणि तिथेच माझी जीभ अडते. तुम्ही आमच्या नात्यातले नाही, म्हणून बोलतो.

सुरतेत प्लेगची पळापळ झाली, त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. मी उधन्याच्या एका मिलमध्ये फिटर. लूम बसवायचे, त्यांची लेवल काढायची, हे माझं काम. माझा साडू रमेश — मंगलच्या धाकट्या बहिणीचा, शोभाचा नवरा — बँकेत कारकून. घरी आला की ओटल्यावर सुतारकाम करत बसायचा. छंद म्हणे. भंगारातून लूमची जुनी मोटर आणून त्याने स्वतः करवतीचं टेबल बनवलं होतं. मधोमध गोल पातं, फळी पुढे ढकलली की चिरत जाते.

मला काय खुपत होतं? सगळंच. सासरे धुळ्याहून आले की मुक्काम त्याच्याकडे. आमच्याकडे नुसते जेवायला यायचे, आणि घास आमचा, गोडवे त्याचे. "सोनाना हात शेतस त्याना," म्हणायचे. मग माझे काय मातीचे? दिवसभर लोखंड मी उचलायचं, आणि कौतुक पंख्याखाली बसणाऱ्याचं. कहर म्हणजे मंगलने त्याला शोकेस बनवायला सांगितलं, आमच्या बैठकीसाठी. मला विचारलंसुद्धा नाही. जळत होतो मी. दुसरा शब्द नाही.

शोकेसच्या फळ्या लांब. चिरत गेल्या की करवतीच्या मागे लोंबायच्या. म्हणून रमेशला मागे आणखी एक टेबल हवं होतं, बाहेर येणारी फळी अलगद झेलणारं. वर सनमायका, म्हणजे लाकूड सरकतं. तो स्वतः आमच्याकडे आला. "भाऊ, लेवल तुम्हीच काढायची. ते आपलं काम नाही."

आणि ते टेबल मी मन लावून केलं, हेही खरं. सनमायकाखाली एक फुगा राहू दिला नाही. पायांना बोल्ट बसवले, फिरवले की उंची कमी-जास्त होईल असे. राहिली ती फक्त उंची. मागचं टेबल करवतीपेक्षा केसभर खाली हवं, वर राहिलं तर फळी त्याच्या कडेला अडणार — हे मला कळत नव्हतं? तेवढ्यात शोभा चहा घेऊन आली. "दाजी, आता यांच्याकडून सुतारकाम शिकूनच घ्या, म्हणजे ताईला दुसऱ्याच्या दारी यायला नको." मेहुणीची थट्टा. मी हसलो. पाना उचलला, आणि टेबल अर्धं सूत, म्हणजे इंचाचा सोळावा भाग, वर ठेवलं.

रमेशने पाणसळ लावून पाहिली. करवतीवर बुडबुडा मधोमध, मागच्या टेबलावरही मधोमध. पाणसळ काय, टेबल सपाट आहे एवढंच सांगते. दोघांत उंच कोण, ते सांगत नाही. तरी त्याने सांध्यावरून बोट फिरवलं. "जरा वर वाटतंय का, भाऊ?"

"असंच ठेवतात," मी म्हणालो. "फळी बाहेर येताना लवते, तिला आधार लागतो."

लगेच मानलं त्याने. लेवलच्या बाबतीत माझ्या शब्दावर कोण शंका घेणार?

मला काय हवं होतं? फळी अडावी, वाकडी चिरावी, शोकेसचा विचका व्हावा, सासऱ्यांच्या देखत त्याची फजिती व्हावी. एवढंच. एवढंच — असं मी स्वतःला वर्षानुवर्षं सांगत आलो. पण अडलेली फळी माणूस जोर लावून ढकलतो, आणि त्या हातापुढे पातं फिरत असतं — हे फिटरला ठाऊक नसतं होय?

रविवारी फळी अडली. त्याने जोर लावला. उजव्या हाताची दोन बोटं गेली.

सगळे दवाखान्यात धावले. शोभाने रडतरडत घराची किल्ली माझ्याकडे दिली, दाजी, तेवढं कुलूप लावून या. मी गेलो. आधी पाना घेतला, बोल्ट फिरवले, आणि टेबल जिथे असायला हवं होतं तिथे खाली घेतलं. मग रक्त पुसलं. सनमायकावरचं लगेच निघतं.

दवाखान्यात रमेश येईल त्याला सांगत होता, घाई माझीच झाली. मी त्याच्या उशाशी उभा होतो.

काही महिन्यांनी तो पुन्हा ओटल्यावर उभा राहिला आणि राहिलेलं शोकेस पुरं करायला घेतलं. मीही गेलो होतो, सासरेही होते. फळी सरळ मागच्या टेबलावर सरकत गेली. त्या तीन बोटांच्या हाताकडे बघत सासरे पुन्हा तेच म्हणाले, सोनाना हात. आणि तेव्हाही — खोटं कशाला बोलू — मला आधी जळायलाच झालं.

रमेशने मशीन बंद केलं. माझ्याजवळ आला, हळू आवाजात म्हणाला, "भाऊ, दवाखान्यात पडल्या पडल्या एकदा मनात आलं होतं, की तुमची लेवल चुकली असेल. माफ करा."

असू दे, म्हणालो मी. मोठेपणाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि त्याला माफ केलं.