अध्यक्षांची लांबलेली पूजा

सगळ्यांना आवडणाऱ्या माणसाचा मला पहिल्यापासून संशय येतो. हे वळण माहेरचं. धारला आमच्या घराचा जुन्या दरबाराशी संबंध होता, आणि अशा घरांत संशय ताटातल्या मिठासारखा न मागता वाढला जातो. कोणी फार गोड बोलून गेलं की वडील दार लावता लावता विचारत, "याला काय हवंय?" सत्तरच्या दशकात लग्न होऊन मी देवासला आले. नवऱ्याची नोकरी कारखान्यात, माझी एका खाजगी कॉलेजात इतिहास शिकवायची. कॉलेजच्या अध्यक्षांना पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझ्या मनात वडिलांचाच प्रश्न आला.

अध्यक्ष म्हणजे कॉलेज चालवणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष. मूळचे धारचेच, साठी उलटलेली, धोतर, कोट, काळी टोपी. शिपायालाही माळव्यातल्यासारखं 'भिया', म्हणजे भाऊ, म्हणायचे आणि तहसीलदारालाही. कुणाचं लग्न असो, बारसं असो, कुणी गेलेलं असो, हे हजर. लोक जीव टाकत त्यांच्यावर. मी म्हणायची, गोगलगाय नि पोटात पाय.

एका गोष्टीवरून कॉलेजात कायम कुरबुर असे. आम्हा शिकवणाऱ्यांना वर्ग सकाळी सातला सुरू व्हायला हवे होते. ऊन टळतं, दुपार घराला मिळते. उपाध्यक्षांनाही तेच हवं होतं. त्यांचा डोळा दुपारच्या रिकाम्या खोल्यांवर होता, तिथे त्यांना आपले टायपिंगचे वर्ग भरवायचे होते. पण अध्यक्ष अकरावर अडून. कारण एकच सांगत, "माझी सकाळची पूजा लांबते. मी आल्याशिवाय घंटा व्हायची नाही." आणि खरोखरच ते फाटकातून आत आल्याशिवाय शिपाई घंटेला हात लावत नसे. ते कधी अकराला येत, कधी सव्वाअकराला, कधी त्याहून उशिरा. लोक कौतुकाने हसत आणि वाट बघत.

मला ती पूजा पचेना. पूजेवरून उठलेल्या माणसाच्या कपाळाला गंध असतं. यांचं कपाळ कोरडं, आणि धोतराच्या काठाला रस्त्याची धूळ. पाणी कुठेतरी मुरत होतं.

एकदा सोमवारी मी धारहून इंदूरमार्गे देवासच्या स्टँडवर उतरले, तर पूजेला बसलेले आमचे अध्यक्ष पोह्यांच्या दुकानाबाहेर बाकावर बसले होते, तोंडासमोर वर्तमानपत्र धरून. मी तडक कॉलेजात गेले आणि स्टाफरूममध्ये सांगून टाकलं. कुणी म्हणालं, देवळातून येत असतील. मी म्हणाले, देऊळ टेकडीवर आहे, स्टँडवर नाही. दोन दिवसांत ते सगळीकडे झालं. अध्यक्षांबद्दल नाही, माझ्याबद्दल. एवढ्या भल्या माणसावर पाळत ठेवते म्हणे ही.

मग मी खरंच पाळत ठेवली. अध्यक्ष वर्तमानपत्राआडून रस्त्याकडे बघत असत. देवासजवळच्या टोंकखुर्द गावाची बस आली की त्यातून आमच्या कॉलेजच्या चार-पाच मुली उतरत. त्यांतली एक माझ्या वर्गातली, दुसऱ्या वर्षाला होती. घरातून कॉलेजात आलेली पहिलीच मुलगी, वडील शेतकरी, त्यांची अट एवढीच की याच बसने जायचं आणि दिवेलागणीच्या आत घरी. याच्या आधीची बस त्या रस्त्यावर नव्हतीच. मुली उतरून पुढे गेल्या की अध्यक्ष वर्तमानपत्राची घडी घालत आणि मागच्या गल्लीने कॉलेजकडे निघत. त्यांच्याशी एक शब्द बोलत नसत.

म्हातारा माणूस रोज मुली उतरताना बघतो. माझ्या मनात काय आलं असेल ते सांगायला नको. एक दिवस बस यायच्या आधीच मी सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"पूजा झाली?" मी विचारलं.

ते दचकले नाहीत. बाकावर सरकून जागा केली. "बस. टोंकवाली अजून यायची आहे. ती आल्याशिवाय घंटा केली तर पोरींचा पहिला तास जातो. रोज जायला लागला की बाप म्हणतो, मग कशाला जायचं?"

"मग हे लोकांना का सांगत नाही?"

"अगं, तू आपल्या धारची, तुला हे कळायला हवं. चार पोरींसाठी कॉलेज थांबतं म्हटलं की गाव त्या पोरींना नावं ठेवील. बाप लाजेकाजेने त्यांना घरी बसवतील. देवासाठी थांबायला कुणाची ना नसते."

हे कुणाला बोलू नकोस, असं त्यांनी बजावलं. मी बोलले नाही. पण खरं सांगायचं तर मला ते निम्मंच पटलं. इतका सरळ माणूस असतो कुठे? पुढेही मी त्यांच्यावर नजर ठेवून होते. काही सापडलं नाही, याचाही मला राग यायचा.

पुढे ऐंशीच्या दशकात, ती टोंकखुर्दची मुलगी एम. ए.च्या पहिल्या वर्षाला असताना, थंडीत अध्यक्ष गेले. मी खूप रडले. ज्या माणसावर मी इतकी वर्षं विश्वास ठेवला नव्हता, त्याच्यासाठी एवढं रडू यावं याचं मलाच नवल वाटलं.

दहावा-तेरावा घरी आपल्या पद्धतीने व्हायचा होता, पण गाव माळव्याचं. तिसऱ्या दिवशी कॉलेजच्या पटांगणात उठावणा झाला. उठावण्याला लोक येतात, खाली मान घालून बसतात, फोटोला फूल वाहतात आणि उठतात. तिथे कुणी कुणाला आडवं बोलत नाही. हे उपाध्यक्षांना चांगलं ठाऊक होतं. ते उठले, डोळे पुसले आणि म्हणाले, "पूज्य अध्यक्षजी की स्मृति में जुलाई से कॉलेज सुबह सात बजे लगेगा। मन से वे भी यही चाहते थे, बस पूजा के कारण रुके थे।" मेल्या म्हशीला मणभर दूध, हे मी ऐकलेलं होतं, पण त्या दुधाचा असा उपयोग होताना पहिल्यांदा बघितला. सगळ्यांनी माना डोलावल्या.

मी बायकांतून उठून उभी राहिले. "ती पूजा नव्हती," मी म्हणाले. "ते रोज स्टँडवर बसायचे. टोंकखुर्दच्या मुली..."

शेजारच्या सहकारी बाईंनी माझा पदर ओढला. "आज तरी सोडा हो त्यांना."

"बहनजी," उपाध्यक्ष हात जोडून म्हणाले, "कम से कम आज के दिन तो…"

नंतर मी अध्यक्षांच्या पत्नीकडे गेले. त्या तरी सांगतील असं वाटलं होतं. काकू म्हणाल्या, "मला तर देवळात जातो म्हणून सांगून निघत." आणि माझ्याकडे अशा बघू लागल्या, जणू आता त्यांनाही मीच काहीतरी नको ते ऐकवणार आहे. मी उठून आले.

जुलैत सातची घंटा झाली. हॉलमध्ये अध्यक्षांचा मोठा फोटो लागला, खाली 'की स्मृति में' असं सोनेरी अक्षरांत. ती मुलगी आली नाही. काही दिवसांनी तिचे वडील आले, लायब्ररीची पुस्तकं फडक्यात बांधून. हॉलमधून जाताना ते थांबले आणि त्यांनी चपला काढून फोटोला हात जोडले.

"एक ही साल बचा था उसका," मी म्हणाले.

"हाँ. पर साब की मरजी थी सुबे के कॉलेज की," ते म्हणाले. "सोच-समझ के ई करी होगी। हम कौन बोलने वाले।"

"त्यांची मर्जी नव्हती." घाईत मी मराठीतच बोलले, मग हिंदीत सांगितलं. बस, बाक, घंटा, सगळं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"छोरी केती थी, एक मैडम साब पे शक करती हे," ते म्हणाले. "आप ई हो क्या?"

मी हो म्हणाले. त्यांनी पुस्तकं माझ्या टेबलावर ठेवली, फडकं झटकून खांद्यावर टाकलं, फोटोला पुन्हा नमस्कार केला आणि निघून गेले. मला केला नाही.