काही न सापडल्याचे पेढे

काहीच सापडलं नाही म्हणून पेढे वाटणारा माणूस अख्ख्या अंबरनाथात एकच, आमच्या मावशीचे यजमान. काका एका संशोधन संस्थेत होते आणि परदेशातल्या एका प्रयोगाचे आकडे चाळण्यात त्यांची हयात गेली. म्यूऑन नावाच्या कणाचा इलेक्ट्रॉन होतो तेव्हा त्याच्याबरोबर न्यूट्रिनो नावाचे आणखी दोन कण निघतातच. "सासरी निघालेल्या मुलीबरोबर पाठराखीण जायचीच, तसं! पाठराखणीशिवाय गेलेली एक तरी दाखवा, एवढंच आमचं मागणं," काका म्हणायचे. ती एक काही दिसली नाही. दर निकालाला काका उल्हासनगरला जाऊन पेढे आणायचे. दुकानदार सिंधी शेठ कपाळाला हात लावायचा, "साईं, कुछ मिला नहीं, तो मिठाई कायको?"

"इतने करोड़ों में एक भी नहीं, ये तो पक्का हुआ ना!"

त्यांच्या कामात एक कडक शिस्त होती. आकडे आधी झाकून ठेवायचे, काय दिसलं तर काय म्हणायचं ते लिहून काढायचं, मगच झाकण उघडायचं. नाहीतर म्हणे माणसाला हवं तेच दिसतं. ही शिस्त त्यांनी घरातही आणली. माझ्या दहावीच्या निकालाआधी माझ्याकडून लिहून घेतलं: पंच्याऐंशीच्या वर सायन्स, खाली कॉमर्स. मला पडले चौऱ्याऐंशी! मी भोकाड पसरलं, मावशी भांडली, पण काका ढिम्म. "आता निकष हलवायचे नाहीत." म्हणून मी आज बदलापुरात लोकांचे रिटर्न भरते. तेव्हा असा राग आला होता ना त्यांचा!

मग मावशीच्या छातीत गाठ लागली. तपासणीचा रिपोर्ट आणायला काका आणि मी उल्हासनगरला गेलो. पाकीट हातात पडताच काकांनी सवयीने खिशातून कागद काढला, लॅबच्या पायरीवर बसले आणि लिहिलं, 'गाठ वाईट निघाली तर'. पेन तिथंच थांबलं. मग पाकीट माझ्याकडे सरकवत म्हणाले, "तूच फाड गं. मला नाही ठरवता येत."

मी पाकीट फाडून वाचलं. "काका, काही नाही सापडलं. साधी गाठ आहे."

"नक्की? नीट शोधलंय ना त्यांनी?" तीनदा विचारलं, आणि भर रस्त्यात लहान मुलासारखे रडले. मीही रडले. मग डोळे पुसून थेट शेठचं दुकान.

"साईं, इस बार क्या मिला?"

"कुछ नहीं मिला, शेठ! दो किलो दो."

काकांना जाऊन आता दोन वर्षं झाली. मावशी ठणठणीत आहे. तो प्रयोग अजून चालूच आहे म्हणतात. काकांची फार आठवण येते. परवा त्यांची पुस्तकं आवरताना तो कागद निघाला. मावशीने चष्मा लावून वाचला आणि विचारलं, "पुढे काय लिहिणार होते गं?"

"काही नाही, मावशी. तेवढं एक त्यांना सुचलंच नाही."

तिने कागदाची नीट घडी घातली आणि पदराखाली धरून बसली.